तीसपैकी चार

“आधी पातेलं घास. मग मास्तरीण हो.”

बाई हे सगळ्या पोरांसमोर बोलल्या. भर दुपारी, शाळेच्या पडवीत. पोरं जेवायला बसलेली. माझ्या एका हातात डाव, दुसऱ्या हातात खिचडीची बादली. मोबाईल खांबापाशी, तांदळाच्या डब्यावर. त्यावर टीईटीची सराव चाचणी नुकतीच सुरू केलेली. एकाही प्रश्नाचं उत्तर अजून दिलं नव्हतं.

आमच्या वाडीत रेंज नाही. पालीच्या रस्त्याला लागेपर्यंत फोन म्हणजे नुसता खोका. शाळेत रेंज येते, तीही पडवीतल्या त्या एका खांबापाशी. फुकटच्या ॲपवर दिवसाला एकच चाचणी मिळते. तीस प्रश्न, तीस मिनिटं. पोरांना एकदा वाढून झालं की मी ती सुरू करायची. मध्येच ते गोल गोल फिरत बसायचं, मध्येच गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात. घड्याळ मात्र थांबायचं नाही. नुसता वैताग. त्यात कुणी खिचडी मागितली की उठायचं.

मी डी.एड. झालेय. गावात सगळ्यांना माहीत आहे, बाईंनाही. तरी शाळेत मी खिचडीवाली. बाई मुख्याध्यापिका. ज्यांच्या आंब्याच्या कलमांत माझी आई जन्मभर गवत काढायला गेली, त्या घरच्या सून.

त्या दिवशी त्यांनी माझा मोबाईल उचलला. समोरचा प्रश्न मोठ्याने वाचला. वर्गात भीती वाटली तर मुलाच्या शिकण्यावर काय परिणाम होतो, असा काहीसा. मला म्हणाल्या, सांग बघू. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बोट टेकवलं. मग पुढच्या प्रश्नावर, त्याच्या पुढच्या. न वाचताच. पोरांना गंमत वाटली. शेवटी निकाल आला. तीसपैकी चार. तोही त्यांनी वाचून दाखवला. आणि मग ते पातेल्याचं बोलल्या.

पोरं हसली. तिसरीतली माझी मुलगी त्यांच्यातच बसली होती. तीही हसली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि ताटात बघत राहिली.

मी काय केलं? पातेलं घासलं. याचा राग मला अजून येतो. बाईंचा नंतर, आधी माझा.

घरी जाताना वाटेत मुलीने विचारलं, “आये, तू नापास झालीस काय गो?”

या मुलीला हातच्याची बेरीज कुणी शिकवली? मी. घरी नाही, शाळेत. बाई सभेला गेल्या, दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले, की मला वर्गात ढकलायचं. “जरा पोरांकडे बघ गो.” आज किती पोरं जेवली, तो आकडा बाईंच्या मोबाईलवर रोज मीच भरते. त्यांना ते ॲप जमत नाही. शिक्षकांच्या मस्टरवर सही मात्र त्यांची. आणि मी? बाई आपल्यावर विश्वास टाकतात म्हणून मनातल्या मनात फुलायचे. चार वर्षं. वेडीच होते.

दोन दिवसांनी बाईंची पालीला सभा होती. पर्स खांद्याला लावून त्या पडवीत आल्या. “जरा पोरांकडे बघ गो.”

“नाही बघणार,” मी म्हटलं. “मी स्वयंपाकीण. माझं पातेलं घासून झालंय.”

पोरांनी ऐकलं. माझ्या मुलीनेही. बाई म्हणाल्या, या कामाला दुसरी बाई मिळेल. मी म्हटलं, मिळू दे. बाईंनी पर्स टेबलावर टाकली आणि सभेऐवजी वर्गात गेल्या.

मी खांबापाशी बसले. चाचणी दिली. दोनदा रेंज गेली. तीसपैकी सोळा. पास व्हायला एक कमी. खूप चिडचिड झाली. तरी शाळा सुटल्यावर मुलीला निकाल दाखवला. ते चार बाईंचे होते, हे सोळा माझे, एवढंच सांगितलं.

खिचडीचं काम उद्या असेल, नसेल. गेलं तर पालीच्या रस्त्याला उभी राहून चाचणी देईन. रोज देईन. बाईंचा वर्ग आता बाईंनी शिकवावा. मी त्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवीन तो मस्टरवर माझी सही करून.