टेकाडामागचं जेवण

लोडरवाल्या मावशींनी जन्मात कधी मोटरसायकल चालवली नव्हती. मागे बसायचं म्हटलं तरी नवऱ्याचा शर्ट बटणं तुटेपर्यंत घट्ट धरायच्या. पण स्टेडियममध्ये मोटरसायकलींच्या शर्यती असल्या की मातीचा ट्रॅक बांधायला त्यांनाच बोलावणं जायचं. फुटबॉलच्या मैदानावर फळ्या अंथरायच्या, त्यावर दोनेकशे ट्रक माती ओतायची आणि लोडरने, म्हणजे माती उचलायच्या यंत्राने, तिचे चढ, उतार, वळणं घडवायची. माती मुठीत दाबून त्या ओल सांगायच्या, आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

नवरा गाद्या शिवायचा. मैदानाच्या कठड्याला लावायच्या जाड गाद्या त्याच्याच दुकानातल्या. "तू पाडायची सोय कर, मी झेलायची करतो," असं तो म्हणायचा, आणि मावशी दर वेळी रागवायच्या.

त्या वर्षी शर्यतींना नवा मॅनेजर आला. त्याला सगळं उंच हवं होतं. शेवटच्या वळणाआधीचं टेकाड त्याने पुरुषभराहून उंच करून घेतलं. मावशींच्या मनाला ते पटत नव्हतं, पण नेमकं काय खुपतंय ते त्यांना शब्दांत सांगता येईना.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या डबा घेऊन त्याच टेकाडाच्या पलीकडे सावलीला बसल्या. तेवढ्यात मॅनेजरच्या हाका ऐकू आल्या.

"मावशी! अहो मावशी! कुठं गेल्या या?"

"इथंच आहे की!"

मॅनेजर टेकाडाच्या अलीकडे, दहा पावलांवर उभा होता, तरी इकडे तिकडे बघत राहिला. मावशींच्या अंगात भडक केशरी जाकीट होतं, तेसुद्धा त्याला दिसलं नाही. मावशींचा घास हातातच राहिला. मी दिसत नाही, तर इथं पडलेलं पोर कुणाला दिसणार? मागून येणारा थेट त्याच्या अंगावर उतरेल.

डबा बंद करून त्या उठल्या. "साहेब, टेकाड खाली आणायला हवं."

"छे! लोक उंच उडी बघायला येतात, मावशी."

"उडी बघायला येतात ना? मग जरा माझ्या जागेवर बसून दाखवा."

त्यांनी आपलं जाकीट मॅनेजरच्या अंगात चढवलं आणि त्याला पलीकडे बसवलं. मग सराव करून थांबलेल्या एका मुलीला हाक मारली. शर्यतीत उतरणाऱ्यांत सगळ्यात लहानखुरी म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. मावशींच्या सांगण्यावरून ती गाडी हळूहळू चढावर घेऊन आली आणि माथ्याआधीच थांबली.

"दिसतात का गं साहेब?"

"कुठले साहेब?"

"वरून उडी मारलीस तर कधी दिसतील?"

चिमणीने विचार केला. "हवेत गेल्यावर. पण हवेत ब्रेक कशाला लावू?"

मग जाकिटावरची माती झटकत मॅनेजर बाहेर आला. चेहरा पडलेला, पण माणूस सरळ होता. "किती वेळ लागेल?"

"अंधार पडायच्या आत होईल. मध्ये मध्ये हाका मारल्या नाहीत तर."

मावशींनी टेकाडाचा माथा कंबरेच्या उंचीवर आणला. माथा आणि गाडी उतरायची जागा यांच्यामधला खड्डा भरून काढला, म्हणजे उडी तोकडी पडली तरी गाडी मातीच्या भिंतीवर आपटणार नाही. पलीकडचा उतार लांब, अलगद ओढत नेला. आणि बाजूला एक सपाट ओटा रचला. तिथं उभ्या राहणाऱ्या निशाणवाल्याला दोन्हीकडचं दिसेल. नवऱ्याने वळणाच्या कठड्यावर दुहेरी गाद्या बांधल्या.

दुसऱ्या दिवशी स्टेडियम गच्च भरलं. मॅनेजर ओट्याशेजारी नखं खात उभा होता. तिसऱ्या फेरीत चिमणीचं पुढचं चाक उतारावर घसरलं आणि ती गाडीसकट आडवी झाली. मागून चार गाड्या सुसाट येत होत्या.

निशाणवाल्याने पुढे धोका असल्याचं पिवळं निशाण हलवलं. चौघांनीही वेग कमी केला, कुणी उडी घेतली नाही. माथ्यावरून त्यांना ती दिसली आणि ते कडेकडेने निघून गेले. चिमणी उठली, तोंडातली माती थुंकली, गाडीला किक मारली. लोकांनी असा काही गलका केला की पहिल्या आलेल्यालाही तेवढा मिळाला नाही. ती शेवटून दुसरी आली.

नंतर ती लंगडत मावशींकडे आली. "मावशी, उतार झकास होता. घसरगुंडीवर बसल्यासारखं वाटलं."

"बसायचं नव्हतं गं बाई, जायचं होतं!" मावशींनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला तशीच जवळ धरून ठेवली.

पुढच्या हंगामात माती यायच्या आधीच मॅनेजरने ट्रॅकचा नकाशा मावशींच्या घरी पाठवला. नवऱ्याच्या शिवणयंत्रावर तो पसरून दोघं संध्याकाळभर वाद घालत बसली. सकाळी नकाशा परत गेला, तेव्हा त्यावर शिंप्याच्या खडूने तीन उंच टेकाडांवर फुल्या मारलेल्या होत्या.