न नेलेला कोट

माझ्या नणंदेला मी वन्सं म्हणते. गल्लीतले लोक त्यांना कडकबाई म्हणतात. आपण कॉलरी कडक करून देतो म्हणून हे नाव पडलं असा वन्संचा समज आहे, आणि तो मोडायचं धाडस मी आजवर केलेलं नाही.

एकतीस वर्षं त्या आमच्या घराखालच्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढे उभ्या आहेत. काउंटरवर कपडा आला की आधी खिसे बघायचे. उजवा, डावा, मग आतला. जे निघेल ते पाकिटात घालून पाकिटाला पावतीचा नंबर टाचायचा. घरी दोरीवरून माझ्या नवऱ्याचा शर्ट काढतानासुद्धा त्यांचा हात आधी खिशात जातो. मात्र जगाच्या खिशातलं बाहेर काढणाऱ्या या बाईच्या मनातलं बाहेर काढताना माझी पुरेवाट होते.

तरुणपणी नोकरीसाठी शहरात आल्या तेव्हा त्या वसतिगृहात राहायच्या. खोलीत तिघी जणी होत्या. एक नर्स, एक शाळेत मास्तरीण आणि वन्सं. नर्स फटकळ, पण जिवाला जीव देणारी. मास्तरीण शांत, आणि घेतलेली वस्तू परत करण्याच्या बाबतीत भलतीच काटेकोर. बदली होऊन ती गावी गेली तेव्हा वन्संची केसांची पिन चुकून तिच्या सामानात गेली होती. ती तिने आठवड्याच्या आत पोस्टाने परत पाठवली. ती पिन पाकिटासकट वन्संच्या कपाटात आहे.

गेल्या हिवाळ्यात मास्तरणीचं पत्र आलं. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, नोकरीही संपली होती, आणि परदेशातला मुलगा तिला कायमची बोलावत होता. जाण्याआधी चार दिवस शहरात यायचं होतं, कारण सात वर्षं इथे राहून तिघींनी शहर असं पाहिलंच नव्हतं. तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिघी झोपा काढायच्या. नर्सने लगेच रजा टाकली. वन्संनी मात्र रंगारी बोलावला.

आमच्या वरची खोली रिकामी झाली होती. माझ्या मुलीच्या अभ्यासासाठी मी तिच्यावर डोळा ठेवून होते. वन्संनी ती रंगवून घेतली, पुस्तकांसाठी फळ्या ठोकल्या, खिडकीशी दिवा लावला. कशासाठी म्हणून विचारलं तर म्हणाल्या, खोली हवेशीर आहे. कडाक्याच्या थंडीत हवेशीर खोलीचं कौतुक करणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मग पुस्तकांच्या फळ्यांकडे बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वन्संना मास्तरीण इथे हवी होती. जन्मात कुणाकडे काही न मागणाऱ्या बाईला आता चार दिवसांत मागायचं होतं. मी म्हटलं, सरळ विचारा तिला. त्या म्हणाल्या, विचारीन की.

मास्तरीण उतरली ती एका शालीवर. तिच्या गावी थंडी अशी नसतेच. वन्संनी तिला खाली दुकानात नेलं. मागच्या भिंतीशी न नेलेल्या कपड्यांचा दांडा आहे. वर्षभर वाट बघून असे कपडे काढून टाकावेत असा लाँड्रीचा नियम, पण वन्सं टाकत नाहीत. येईल कुणीतरी, म्हणतात. दोन हिवाळे तिथे लटकलेला एक पुरुषी राखाडी कोट त्यांनी मास्तरणीच्या अंगावर चढवला. तो घोट्यापर्यंत आला. गिऱ्हाइकाचा कपडा दुसऱ्याच्या अंगावर घालण्याची त्यांची ही एकतीस वर्षांतली पहिली वेळ.

पहिल्या दिवशी तिघी उंच मनोऱ्यावर गेल्या. वर धुकं, हात लांब केला तर बोटं दिसेनात. नर्सने विचारलं, वसतिगृह कुठे आहे. मास्तरणीने ठामपणे धुक्यात बोट दाखवलं आणि तिघींनी अर्धा तास तिकडे बघितलं. संध्याकाळी मी वन्संना एकटं गाठून विचारलं. म्हणाल्या, गर्दी होती.

दुसऱ्या दिवशी बागेतलं काचघर. आत ऊब, तिघींचे चष्मे पांढरे झाले. मास्तरीण बाकावर वन्संच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तासभर वन्सं हलल्या नाहीत की खोकल्या नाहीत, असं नर्सनेच मला सांगितलं. संध्याकाळचं उत्तर तयार होतं. ती झोपली होती.

तिसऱ्या दिवशी नदीतून बोटीची फेरी होती. सकाळी जिन्यात वन्संनी मला हळूच सांगितलं, “खोलीची किल्ली तिच्या कोटाच्या खिशात ठेवलीय. ‘वरची खोली’ म्हणून टॅगही टाचलाय.”

माझा पाराच चढला. तोंड कशाला दिलंय माणसाला, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, खिशात हात घालेल तेव्हा कळेलच की. त्या दिवशी मीही बोटीवर गेले, खास मास्तरणीच्या हातांवर नजर ठेवायला. हात सगळा वेळ वन्संच्या हातमोज्यांत होते आणि हातमोजे कठड्यावर. ती पुलांखालून जाताना वर बघत होती. एकदा वन्संना म्हणाली, इथे राहत होतो तेव्हा हे सगळं होतं का गं. वन्संनी मान हलवली. किती चांगला मोका होता, पण गेला.

चौथ्या दिवशी तीनची गाडी. वन्संची दुपारपर्यंत पाळी होती, त्या परस्पर स्टेशनवर येणार होत्या. सामान घेऊन मी आणि नर्स मास्तरणीबरोबर पुढे गेलो. इकडे दोनच्या सुमाराला लाँड्रीच्या काउंटरवर एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. हातात दोन वर्षांपूर्वीची पावती. मुलीकडे कायमचा राहायला गेलो होतो, म्हणाला, मन रमलं नाही, परत आलो. थंडी फार आहे, कोट तेवढा द्या. कोट कुठे आहे ते माहीत असूनही वन्संनी दांड्यावरचे सगळे हँगर एकदा सरकवून पाहिले. मग त्याला इस्त्रीजवळच्या उबेत बसवलं आणि दीड-दोन तासांत येते म्हणून निघाल्या.

गाडी सुटायला सात मिनिटं असताना त्या फलाटावर आल्या. स्वतःचा कोटही घालायला विसरल्या होत्या. चेहरा लाल. मला वाटलं, आता बोलणार. मास्तरणीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि बघत राहिली.

“कोट दे,” वन्सं म्हणाल्या. “त्याचा मालक आलाय.”

मास्तरीण आधी थक्क झाली, मग हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पाठ फिरवून तिने खिसे रिकामे केले, कोट काढला, नीट घडी घालून दिला. मग हातमोजे दिले, शहराचा नकाशा दिला, छत्री दिली. नर्सच्या खांद्याला धरून, एका पायावर उभी राहून तिने वन्संचे लोकरी मोजेसुद्धा काढले. राहू दे गं ते, वन्सं म्हणाल्या. नाही, तुझे आहेत, म्हणाली.

“थंडी वाजेल तुला.”

“गाडीत ऊब आहे.”

एवढंच. चाळीस वर्षांची मैत्री आणि निरोप हा. मला इतका राग आला की मी गाड्यांच्या पाटीकडे तोंड करून उभी राहिले. रडू येत होतं हेही खरं. गाडी गेल्यावर नर्स तिच्या फलाटाकडे निघाली. जाताना वन्संच्या पाठीवर तिने एक धपाटा घातला.

बसमध्ये कोट वन्संच्या मांडीवर होता. सवयीने हात उजव्या खिशात गेला. मग डावा, मग आतला. मग पुन्हा उजवा, अस्तराच्या शिवणीपर्यंत. किल्ली नव्हती. मी म्हटलं, फलाटावर पडली असेल. नाहीतर रुमालाबरोबर पर्समध्ये गेली असेल चुकून.

“तिने पिन परत केली होती,” वन्सं म्हणाल्या.

मग त्यांनी कोटात तोंड खुपसलं. मी त्यांना बावीस वर्षं ओळखते, रडताना पाहिलं ते त्या दिवशी. कोट त्यांनी पुन्हा इस्त्री करून म्हाताऱ्याला दिला.

याला आता वर्ष होत आलं. वरची खोली बंदच आहे. मध्यंतरी मी म्हटलं, कुलूप तोडू या, पोरीला अभ्यासाला होईल, अशी किती दिवस ठेवणार. वन्सं कॉलरवर इस्त्री फिरवत म्हणाल्या, कोटवाला दोन हिवाळ्यांनी आला. पोरगी स्वयंपाकघरात अभ्यास करते.

मास्तरणीची पत्रं येतात, महिन्याला एखादं. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो असं लिहिते. पाकीट हातात आलं की वन्सं ते फोडत नाहीत. आधी अंगठ्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपून बघतात. आत कडक काही लागलं नाही, नुसता कागदच आहे अशी खात्री झाली की मग स्टूल ओढून बसतात आणि वाचायला घेतात.