प्रिय बबनराव, आपण आमचे जुने ग्राहक

कुणाच्या घरात डोकवायची मला सवय नाही. लोकच मोबाईल घेऊन माझ्या ओट्यावर येतात, त्याला मी काय करू? पिंपरी पेंढारच्या आमच्या आळीत दुपारच्याला रिकामं आणि वाचता येणारं माणूस एकच, ते म्हणजे मी. मग किस्से साठतातच! त्यात मोबाईल कंपनीनं जुन्या ग्राहकांना बक्षिसं द्यायचं काढलं, आणि अख्खी आळी गोंधळली.

*

पहिला मेसेज समोरच्या दामूनानांना. "इतकी वर्षे आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार."

नाना घाबरले. "आभार कशापायी? लाईन तोडत्यात का काय?"

"नाना, प्रेमानं म्हणतायत."

"मग आपुन बी कायतरी म्हणाय पायजे. लिही, आमी समदी सुखरूप हाये. ओझरला दर्शनाला आलात तर घरी जेवून जा."

पाठवलं! आठवडाभर नाना रोज विचारत होते, "कुणी आलं का गं?"

*

आमच्या ह्यांना बक्षीस मिळालं एका दिवसाचं नेट. त्याच आठवड्यात सुनेनं नवीन सिम घेतलं, तर तिला महिनाभर फुकट! ह्यांनी लगेच कंपनीला फोन लावला. "मॅडम, जुना मी हाय का ती?"

"सर, न्यू कस्टमरची ऑफर वेगळी असते."

फोन ठेवून हे म्हणाले, "कळलं. ती लग्नातली पावणी, मी वाढपी!"

*

पुढं नानांना नारायणगावला कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात, बक्षीस घ्यायला बोलावलं. नाना टोमॅटोचं क्रेट खांद्यावर टाकून हजर. सत्काराला रिकाम्या हातानं जायचं म्हणजे कसंसंच वाटतं ना!

काउंटरवरची पोरगी क्रेटकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "सर, ह्याच्यावर एक्सचेंज मिळत नाही."

*

आता यमुनाआक्काचं सांगते. आक्का माझी भिंतीला भिंत शेजारीण. तिचा बटणांचा फोन खोडदच्या भावानं, बबननं, एका भाऊबीजेला ओवाळणीत घातलेला, सिमसकट. पुढं बबनच्या पोरीच्या लग्नात आक्काची मानाची साडी राहून गेली. चुकून का मुद्दाम, देव जाणे. तेव्हापासून येणं-जाणं बंद, बोलणं बंद. पण आक्कानं नंबर काही बदलला नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "पाठ झालाय लोकांना." लोकांना म्हणजे कुणाला, ते आळीला माहीत होतं.

तिचा मेसेज मी वाचला. "प्रिय बबनराव, आपण आमचे जुने ग्राहक..."

"काय लिव्हलंय? बबन? पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. ज्याच्या नावावर सिम, त्यानं स्वतः येऊन बक्षीस न्यावं, असं होतं.

आक्का म्हणाली, "बक्षीस त्याचं हाय. कळवाय तर पायजे." पण फोन मलाच लावायला लावला. तिकडून बबन म्हणाला, "माझं कशाचं बक्षीस? तिनंच चालवलाय नंबर. मी न्हाई येणार." मग फोन ठेवता ठेवता, "किती वाजता जायचंय?"

मी सोबत गेले. आक्काला वाचता येत नाही ना!

गॅलरीत दोघं दोन टोकांच्या खुर्च्यांवर. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "जुने कस्टमर कोण?"

बबननं आक्काकडं बोट केलं. आक्कानं बबनकडं.

"रिचार्ज तीच मारती."

"नाव त्याचं हाय."

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. म्हटलं, "मला नका विचारू, मी शेजारीण!"

शेवटी तिनं बक्षिसाची छत्री मधल्या खुर्चीवर ठेवली आणि म्हणाली, "काका, नंबर मॅडमच्या नावावर करून टाकू का? कायमचं काम होईल."

बबन खाली फरशीकडं बघत बसला.

आक्का म्हणाली, "नको. ऱ्हाऊ दे त्याच्याच नावावर."

मग दोघं उठले, बाहेर गेले. मी चप्पल शोधेपर्यंत बबनच्या गाडीवर आक्का मागं बसलेली. छत्री तिथंच! आणि मी बी तिथंच!

दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन आक्काच्या दारात गेले, तर कुलूप. तिला फोन लावला. उचलला बबननं. मागनं भांड्यांचा आवाज, आक्काचं हसणं.

म्हटलं, "अहो, आक्काला लावला होता मी!"

"बरोबर लागलाय," बबन म्हणाला. "नंबर माझ्याच नावावर हाय. बोला!"