चिंचेच्या सावलीचा भाव

साठ-पासष्ट सालच्या सुमारास मी लांजीच्या शाळेत शिकवत होते. तिथल्या आठवडी बाजारात चिंचेच्या झाडाच्या पूर्वेला एक म्हातारी वांगी घेऊन बसे. नाव मी कधी विचारलं नाही. तिचा कायदा एकच होता : चिंचेची सावली टोपलीला शिवली की भाव निम्मा. त्याआधी कोणी कितीही घासाघीस करो, ती नुसतं सूर्याकडे बोट दाखवी. आम्ही बाया सावलीवर डोळा ठेवून तिथेच रेंगाळायचो.

एकदा मला तीनच्या बसने बालाघाटला माहेरी जायचं होतं. सावली टोपलीपासून अजून दोन हात दूर होती.

"मावशी, आज तरी उतरवा. माझी बस सुटेल."

सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे पाहू लागल्या. ती कमरेला हात लावून उठली आणि टोपलीच ओढत सावलीत घेऊन गेली.

"सावलीले घाई नाई, बाई. तुले हाय."

मग साऱ्याजणींनीच निम्म्या भावात वांगी नेली.

पुढच्या बाजाराला मी सकाळीच गेले आणि पुरे पैसे तिच्या हातावर ठेवले.

"अवं, सावली अजून लय दूर हाय!"

"असू दे," मी म्हटलं.

पदर सारखा करून ती माझ्यासाठी कोवळी वांगी निवडू लागली.