पुस्तकातल्या टिकल्या

वाचनालयाच्या काउंटरवर काही वर्षं बसलं की पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. पुस्तकं निदान कुणीतरी घरी नेतं, किस्से आपल्याच गळ्यात पडतात. आमचं वाचनालय खडेबाजाराजवळच्या एका बोळात, वरच्या मजल्यावर. तिथं आम्ही दोघीच. मालूआक्का ग्रंथपाल, आणि मी त्यांची मदतनीस.

आक्कांचं जन्माचं भांडण टिकल्यांशी. आमच्याकडच्या बायका पुस्तक वाचून झालं की आतल्या एखाद्या पानावर टिकली चिकटवतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी येत नाही. नावं कोण लक्षात ठेवणार! आणि आक्का परत आलेलं प्रत्येक पुस्तक चाळून त्या टिकल्या नखानं काढतात. एकदा एक बाई भडकल्या, "तुम्ही टिकली काढलासा म्हणून एकच कादंबरी माझी तीनदा वाचून झाली." आक्का शांतपणे म्हणाल्या, "तिसऱ्यांदा शेवटाला आल्यावर कळलं व्हय?"

*

गेल्या वर्षी ते पुस्तक आलं. चित्रकादंबरी. दहावीतल्या दोन मुली, त्यांची मैत्री, आणि मैत्रीतच उमगलेलं प्रेम. मी नुसती चित्रं बघितली आणि पुस्तक बालविभागात लावून मोकळी झाले. उचगावचे एक आप्पा ते नातवासाठी घेऊन गेले. परत आले तेव्हा मी रजिस्टरात डोकं घातलं, कारण मधल्या दिवसांत आक्कांनी आत काय आहे ते सांगितलं होतं.

आप्पांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. "नातू लहान हाय, मीच वाचलं. त्या पोरींचं फुडं काय झालं? दुसरा भाग हाय काय?"

*

सगळेच आप्पांसारखे नसतात. कमिटीच्या मीटिंगमध्ये एका सभासदानं असलं पुस्तक काढून टाका म्हणून टेबलावर हात आपटला. आक्कांनी विचारलं, वाचलंय का कुणी? कुणीच नाही. मग एकेकानं आळीपाळीनं घरी नेलं. परत देताना प्रत्येकजण खाली बघून एवढंच म्हणाला, "चित्रं बरी हायत." शेवटी तोडगा निघाला. पुस्तक कुलपाच्या कपाटात ठेवायचं, मागेल त्याला द्यायचं.

मागणार कोण? वडगावची एक अकरावीतली मुलगी यायची, घरी साड्यांचे माग. ती कपाटाच्या काचेपुढं बराच वेळ उभी राहायची. काय पाहिजे विचारलं तर "काय न्हाय" म्हणाली आणि रांगोळीचं पुस्तक घेऊन गेली. हे ऐकल्यावर आक्कांनी कमिटीला न विचारता चित्रकादंबरी कपाटातून काढली आणि रांगोळीच्या कप्प्यात नेऊन ठेवली. पण मुलगी पुन्हा आलीच नाही. रांगोळीचं पुस्तक आईकडून परत पाठवलं. मला अजून फार वाईट वाटतं.

*

एकदा दुपारी जेवायला हाक मारली तर आक्का त्याच पुस्तकात. डबा उघडा, भाकरी तशीच. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं पुस्तक न्हवतं गं. न्हायतर मला तवा कळलं असतं, मला काय झालतं."

मग शकू कळली. खानापूरच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. शकू लायब्ररीचं पुस्तक वाचून कपाळाची टिकली आत लावायची, आणि आक्का टिकली बघून तेच पुस्तक घ्यायच्या. पुढं शकूचं लग्न होऊन ती निपाणीला गेली. मांडवात तिचा हात आक्कांनीच धरला होता. आक्कांनी लग्न केलं नाही, आणि त्यानंतर निपाणीलाही कधी गेल्या नाहीत. टिकल्यांवरचा राग मला त्या दिवशी कळला.

*

माझं माहेर निपाणी. एका शनिवारी निघताना आक्कांनी ते पुस्तक माझ्या पिशवीत घातलं. "शकूला दे. वाचून परत कर म्हणावं." आणि मी जिना उतरत असताना वरून पुन्हा म्हणाल्या, "घेतलं न्हाय तर आग्रह करू नकोस."

शकूताईंनी पुस्तक घेतलं, कपाळावर ठसठशीत मरून टिकली. पुढच्या शनिवारी गेले तर ते फ्रिजवर पडलेलं, वर नातीचे मोजे. आक्कांना मी खोटंच सांगितलं, वाचायला लागल्यात म्हणून. त्याच्या पुढच्या खेपेला शकूताईंनी दारातच पुस्तक हातात दिलं. कपाळ मोकळं होतं. काही निरोप आहे का, विचारलं. "मालूला म्हणावं, उशीर झाला."

सोमवारी आक्कांनी पुस्तक घेतलं आणि सवयीनं चाळायला लागल्या. एका पानाशी थांबल्या. त्या चित्रात एक मुलगी दुसरीला म्हणते, मला तू आवडतेस. दुसरी म्हणते, मलापण.

त्या दुसऱ्या मुलीच्या कपाळावर, बरोबर मधोमध, मरून टिकली.

आक्कांचं नख टिकलीपर्यंत गेलं आणि तिथंच राहिलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं, स्वतः उठून रांगोळीच्या कप्प्यात ठेवलं, आणि परत येऊन गठ्ठ्यातल्या पुढच्या पुस्तकातली टिकली काढायला बसल्या.