पोचेपर्यंत झाडायचं नाही

चहा घ्या, तोवर माझ्या विद्वत्तेचा एक नमुना ऐकवतो. निजामाच्या अमलातली गोष्ट. आखाडा बाळापुरात मी मास्तर होतो, गणित शिकवायचो. त्यामुळं गावाला वाटायचं, मास्तरांना सगळं कळतं. मलाही तसंच वाटायचं. घोळ तिथंच झाला.

आमच्या हिचा थोरला भाऊ हैदराबादेत एका कापूस व्यापाऱ्याकडं कारकून. आमच्याकडं राहून निघताना म्हणाला, "दाजी, हैदराबादहून शेठजींसंगं विमानानं दिल्लीला जायचंय."

तो दिसेनासा झाला तशी हिनं केरसुणी उचलून दाराआड ठेवली. गावाला गेलेलं माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही आमची रीत. झाडलं तर त्याच्या वाटेत विघ्न. हिचा जीव त्या भावात.

"किती दिसांनी पोचंल वो दादा दिल्लीला?"

मास्तर कधी "माहीत नाही" म्हणतो का? शाळेच्या नकाशावर दोरा धरला. आठशे मैलांच्या आसपास. आता वेग. मी बसलो होतो ते एकच यंत्र, हिंगोलीची मोटार. ती दर चढावर तापायची, मग ड्रायव्हर डबा घेऊन ओढा शोधायचा. विमानालाही पाणी लागणारच, आणि आभाळात ओढा कुठला? म्हणजे खाली उतरणं आलं. रात्रीचा मुक्काम आला.

"आठवडा धरूनच चाल," मी सांगितलं.

दिवस सुगीचे. खळ्यावरचा भुसा वाऱ्यासंगं सरळ घरात. शेजारच्या गयाबाई उंबऱ्यातच थबकल्या.

"काहून वैनी, केरसुणी उंदरानं नेली का?"

"दादा अजून वर हाय, गयाबाई."

"आन् तवर आमी पाय कुठं ठिवायचा?"

आठवडा सरायच्या आत एके दुपारी दारात भाऊ उभा. हातात दिल्लीचा हलवा.

"काय गं, घराला काय झालं?"

"तू... पोचला न्हाईस दिल्लीला?"

"हैदराबादहून सकाळी निघालो, दिवस मावळायच्या आत दिल्लीत. काम उरकून वापस बी आलो."

हिनं मग दाराआडची केरसुणी आणून माझ्या हातात दिली. "घ्या. तुमच्या विमानाचा कचरा तुमीच काढा."

ती असेतो हा किस्सा माझ्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं ऐकला. सांगायची तीच. हसायचीही आधी तीच.

गेल्या चैत्रात ती गेली. दिवसकार्य उरकलं तशा गयाबाई घर झाडायला आल्या. मी म्हणालो, "राहू द्या."

"काहून?"

"पोचली नसेल अजून."

गयाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "हिशेब तुमचाच ना, मास्तर? मंग ती कवाच पोचली."

आणि त्यांनी केरसुणी उचलली.