बर्फावरची मुलगी आणि हलव्याचे दागिने

टीव्हीवर बर्फातले खेळ बघायला मला फार आवडतात, असं म्हटलं की आमच्या गाझियाबादच्या सोसायटीतल्या बायका हसतात. इथे जानेवारीत रजईतून हात बाहेर काढवत नाही आणि तुम्ही आणखी बर्फ कसला बघता, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणते, बघायचा तर तेव्हाच बघायचा. पायाशी हीटर, हातात चहा, आणि गारठतंय दुसरंच कोणीतरी.

सगळेच खेळ मला रुचतात असं नाही हं. डोंगरावरून पायाला फळ्या बांधून सूं करत खाली येतात, त्यात माझं मन रमत नाही. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर मोठा चष्मा. माणसाचा चेहराच दिसला नाही तर आपण जीव कोणाला लावायचा? एका लांबट डब्यात चौघं दाटीवाटीने बसून घसरत जातात, त्याचंही मला कौतुक नाही. मेट्रो स्टेशनबाहेरच्या शेअर ऑटोत आम्ही तसेच बसतो, पदक कोणी देत नाही. आणि तो एक खेळ, दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं, तो आमच्या ह्यांचा लाडका. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून रिमोट त्यांच्याकडेच असतो. मी एकदा म्हटलं, "घरात कधी झाडू हातात धरला नाहीत, आणि हे तासन्‌तास बघता." तर म्हणाले, "अगं, तिथे केर नसतो, म्हणून बघवतं."

माझा जीव रमतो तो बर्फावरच्या नाचात. तिथे चेहरा दिसतो, पोशाख दिसतो, पडल्यावर उठून पुन्हा हसणारी मुलगी दिसते. गुण कसे देतात ते मला अजून कळलेलं नाही. मी आपले माझे देते.

मागच्या जानेवारीत आमच्या सुनेची पहिली संक्रांत होती. सून पंजाबी, दिल्लीतच वाढलेली. आपल्याकडे नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसवतात आणि वर हलव्याचे, म्हणजे साखरेच्या पांढऱ्या काटेरी दाण्यांचे दागिने घालतात. माझ्या बहिणीने पुण्याहून हार, बांगड्या, बिंदी, सगळं डब्यात कापूस घालून पाठवलं होतं. रविवारी संध्याकाळी इथल्या मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या. आणि आदल्या दिवशी सुनेच्या आईचा फोन आला. नई दुल्हन और काला, बिल्कुल नहीं. त्यांच्याकडे काळं अशुभ.

पोरगी दोघींच्या मध्ये सापडली. मी म्हटलं, "लाल नेस, काही बिघडत नाही." तोंडाने म्हटलं खरं, पण डब्याकडे बघितलं की मला वाईट वाटायचं. आणि ते तिला दिसायचं, त्याचं आणखी वाईट.

रविवारी दुपारी तिळगूळ वळून झाला आणि ती माझ्या रजईत येऊन बसली. टीव्हीवर बर्फावरचा नाच चालला होता. एक मुलगी आली, अंगात काळा पोशाख, गळ्याशी, मनगटांवर, केसांत सगळीकडे पांढरे चमचमते खडे.

सून म्हणाली, "आई, ही तर आपलाच डिब्बा घालून आली."

मी म्हटलं, "बघ, कोणाच्या तरी सुनेने ऐकलं."

"टोमणा मारलात ना?"

"मारला."

ती हसायला लागली. तिकडे ती मुलगी एका उडीला आपटली, उठली, आणि शेवटी अशी गरगर फिरली की काळं आणि पांढरं एकच झालं. सून पुढे सरकून बघत राहिली. मग तिने स्वतःच आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टीव्हीसमोर धरला. "मम्मी, देखो. कितनी सुंदर लग रही है."

"वो तो अंग्रेज है. उसकी कौन सी नई-नई शादी हुई है."

"मम्मी, आई के यहाँ ठंड में काला पहनते हैं. गरम रहता है. मेरा भी मन है."

पलीकडून आवाज आला, "गरम रहता है तो ठीक है. पर ऊपर से स्वेटर पहनना."

मी फोन घेतला. "बहनजी, स्वेटर में गहने कैसे दिखेंगे?"

"तो शॉल," त्या म्हणाल्या. शालीवर आमचं जमलं.

साडी मी नेसवली, बिंदी बसवायला आरशासमोर दोघींनी बराच वेळ घालवला. बायका आल्या. सून प्रत्येकीला वाकून हळदीकुंकू लावत होती आणि शाल दर वेळी खांद्यावरून घसरत होती. कधी आपोआप, कधी तिने घसरवली म्हणून. मंडळातल्या सगळ्यात वयस्कर बाई तिच्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "हिला बसवा गं कोणीतरी, मला नीट बघू दे."

फोटो मी सुनेच्या आईला पाठवला. बायका अजून बसलेल्याच होत्या, तेवढ्यात त्यांचा फोन आला. मला वाटलं, शालीबद्दल ऐकवणार. पण त्या म्हणाल्या, "मैंने बहनों के ग्रुप में डाल दी. सब पूछ रही हैं, इतने अच्छे मोती कहाँ से लिए."

मी म्हटलं, "पुण्याहून. चहात घातले तर विरघळतील." आणि मग ते हिंदीत समजावून सांगत बसले.